पडदा घरी, संगणक कॉलेजात

मार्चअखेर जवळ आली की कॉलेजच्या लेखापालांच्या शर्टाच्या खिशात पेन ड्राइव्ह दिसू लागतो. संध्याकाळी कार्यालय बंद होताना टॅलीचा बॅकअप त्यात घ्यायचा, रात्री घरच्या लॅपटॉपवर नोंदी पुऱ्या करायच्या आणि सकाळी तो डेटा पुन्हा कार्यालयातल्या संगणकावर चढवायचा. मधल्या वेळात हेड क्लार्कनी कार्यालयात दोन पावत्या टाकल्या असतील तर त्या पुसल्या जातात, कारण घरून आलेली प्रत त्यांच्यावर बसते. परीक्षा विभागात गुणांच्या एक्सेल फायलींचं हेच होतं, आस्थापना विभागात सेवापुस्तकांच्या स्कॅन प्रतींचं. काही दिवसांत एकाच फाइलच्या चार प्रती चार घरांत होतात आणि त्यातली खरी कोणती, हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. शिवाय ज्या लॅपटॉपवर घरातली मुलं गेम उतरवतात, त्याच लॅपटॉपवर शेकडो विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले आणि बँक खाती पडून राहतात.

यात त्या माणसांचा दोष नाही. काम वेळेत संपवण्याची काळजी त्यांना आहे. दुसरा रस्ता संस्थेनं दिलेला नाही. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली, तीही नेमकी आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा ही उणीव सगळ्याच कॉलेजांना एकदम दिसली. पुढे कार्यालयं उघडली, आणि बहुतेक ठिकाणी पेन ड्राइव्हही परत आला.

दुसरा रस्ता आहे, आणि त्याचं तत्त्व साधं आहे. फाइल आणि ती उघडणारं सॉफ्टवेअर कॉलेजातल्या संगणकावरच राहतं. घरी पोहोचतं ते त्या संगणकाच्या पडद्याचं चित्र. घरून कॉलेजकडे जाते ती कळफलकावर दाबलेली कळ आणि माउसची हालचाल. ग्रंथालयातला संदर्भग्रंथ वाचनकक्षात बसून हवा तितका वाचता येतो, पण घरी नेता येत नाही. तशीच ही व्यवस्था. घरचा लॅपटॉप चोरीला गेला तरी त्यात कॉलेजची एकही फाइल नसते. काम अर्धवट असताना घरची वीज गेली तर ते कॉलेजच्या संगणकावर जिथल्या तिथे उघडं राहतं. पुन्हा जोडलं की कर्सर त्याच रकान्यात असतो.

याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. पलीकडचा संगणक टेबलावरचा खरा डबा नसून एका ताकदवान सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं आखून दिलेला असेल, तर त्याला व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात. एका सर्व्हरवर असे अनेक संगणक एकाच वेळी चालू शकतात, आणि प्रत्येकाला वाटतं की आपला संगणक स्वतंत्र आहे.

ही कल्पना शिक्षणसंस्थांतच वाढली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा देशभरातल्या संस्थांचे शास्त्रज्ञ आपली गणितं छिद्रपत्रांवर घेऊन तिथे यायचे. यंत्र एक आणि गरजू अनेक, हे त्या काळातलं सगळीकडचं चित्र होतं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांनी १९६१ मध्येच त्यावरचा उपाय दाखवून दिला होता: एकाच संगणकाचा वेळ क्षणाक्षणात वाटून अनेकांना एकाच वेळी वापरू द्यायचा. १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी ही सोय विद्यार्थ्यांपर्यंत नेली. संगणक एका खोलीत आणि त्याला जोडलेली टंकयंत्रं इतरत्र. नंतर वैयक्तिक संगणक स्वस्त झाले, प्रत्येक टेबलावर एकेक डबा आला आणि वाटून वापरण्याची गरज संपल्यासारखी वाटली. पण डबे वाढले तसा माहितीचा पसारा वाढला आणि कल्पना परत आली. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली आणि तिच्यासोबत आरडीपी हा पडदा पाठवण्याचा संकेत आला. त्यामागे सिट्रिक्स या कंपनीचं तंत्रज्ञान होतं. २००४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीनं ‘व्हर्च्युअल कम्प्युटिंग लॅब’ उभी केली. ब्राउझरमधून हव्या त्या सॉफ्टवेअरचा संगणक ठरावीक वेळेसाठी आरक्षित करायचा आणि वसतिगृहातून वापरायचा, अशी तिची रीत. पुढे विद्यापीठानं ती प्रणाली अपाची फाउंडेशनला देऊन टाकली आणि ती सर्वांसाठी खुली झाली.

आता आपल्या कॉलेजकडे येऊ. पहिला प्रश्न कुठला सर्व्हर घ्यायचा हा नाही. हे नेमकं कुणाला हवं आहे, हा आहे. आणि याच प्रश्नाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणारे लिपिक महाडीबीटीच्या संकेतस्थळावर काम करतात. पगारबिलं ‘सेवार्थ’वर होतात. नॅक आणि एआयएसएचईची माहिती ब्राउझरमधूनच भरली जाते. ग्रंथालयात कोहा असेल तर तेही ब्राउझरमधलंच. यातल्या कुणालाही केवळ त्या कामासाठी व्हर्च्युअल डेस्कटॉप लागत नाही. तो लागतो ज्यांचं सॉफ्टवेअर किंवा फायली कॉलेजच्या भिंतीआड आहेत त्यांना: टॅलीवर काम करणारे लेखापाल, इन्फ्लिबनेटचं ‘सोल’ वापरणारे ग्रंथपाल, गुणपत्रकांच्या फायली सांभाळणारा परीक्षा विभाग, जुन्या प्रवेश-प्रणालीत नोंदी करणारे लिपिक, आणि ज्यांचं महागडं सॉफ्टवेअर फक्त प्रयोगशाळेतल्या संगणकावर आहे असे शिक्षक. सव्वाशे कर्मचाऱ्यांच्या कॉलेजात ही यादी बहुधा वीस-पंचवीस नावांवर थांबेल. त्यातले एकाच वेळी जोडले जाणारे त्याहून कमी. ही यादी न करता विक्रेत्याला बोलावलं, तर तो सव्वाशे जणांचं कोटेशन देईल आणि खरेदी समिती रक्कम पाहून विषय पुढच्या वर्षावर टाकेल.

यादी झाली की मार्ग निवडायचा. सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे नवं काहीच न घेणं: प्रत्येकानं कार्यालयातल्या आपापल्याच संगणकाला घरून जोडायचं. त्यासाठी त्या संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते. होम आवृत्तीला बाहेरून असं जोडता येत नाही. तो रात्री चालू ठेवावा लागतो, किंवा नेटवर्कवरून संदेश पाठवून जागा करावा लागतो. त्याची सोय बहुतेक संगणकांत असते, फक्त बायॉसमध्ये जाऊन ती सुरू करावी लागते. तिथेच आणखी एक निवड शोधा: वीज जाऊन परत आली की संगणक आपोआप सुरू व्हावा. ही एक निवड केली नाही, तर रात्री वीज गेल्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी कॉलेजात जाऊन बटण दाबेपर्यंत काम ठप्प राहतं. या मार्गाचा दोष एवढाच की वीस टेबलांवरचे वीस संगणक वीस ठिकाणी सांभाळावे लागतात. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपल्या कार्यालयांत ते संगणक अजून भरपूर आहेत. तसे ते बाहेरून वापरायला देणं मला योग्य वाटत नाही.

दुसरा मार्ग एका सर्व्हरचा. त्यावर विंडोज सर्व्हर बसवायचं आणि सगळ्यांनी त्याच्यावरच, पण आपापल्या खात्यात, काम करायचं. टॅली एकदाच बसवायचं, सोल एकदाच, मराठी फॉन्ट एकदाच. वीस लिपिकांच्या कामाला अवाढव्य यंत्र लागत नाही. हलक्या कामासाठी एका आभासी प्रोसेसरमागे सहा माणसं, मध्यम कामासाठी चार, असं मायक्रोसॉफ्टचं मार्गदर्शन आहे. मेमरीत मात्र हात आखडू नये. ६४ जीबी रॅम असेल तर वीस जणांचं काम निवांत चालावं. खर्च लपलेला असतो तो परवान्यांत. बाहेरून जोडणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा उपकरणासाठी वेगळा परवाना लागतो. सुरुवातीचे १२० दिवस सर्व्हर त्याच्यावाचून चालतो, त्यामुळे कोटेशनमध्ये ती ओळ नसली तरी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि चौथा महिना संपल्यावर एका सकाळी कुणालाच आत जाता येत नाही. टॅलीचंही तसंच: एका माणसाचा परवाना आणि अनेकांचा परवाना वेगळे आहेत. कोटेशन हातात आलं की सर्व्हरच्या किमतीआधी परवान्यांच्या ओळी वाचा.

प्रत्येकाला सर्व्हरच्या आत स्वतंत्र आभासी संगणक देणं हा तिसरा मार्ग. त्यात एक नमुना संगणक नीट तयार करायचा आणि त्याच्या प्रती काढायच्या. एखादी प्रत बिघडली तर दुरुस्त करत बसायचं नाही. पुसून नवी काढायची. वास्तुकला किंवा अभियांत्रिकीच्या शिक्षकांना, ज्यांचं सॉफ्टवेअर प्रोसेसर खाऊन टाकतं, हे सोयीचं पडतं. लिनक्सवरचं केव्हीएम आणि त्याला सोपा चेहरा देणारं प्रॉक्समॉक्स मोफत मिळतं, पण त्याच्या आत चालणाऱ्या विंडोजचे परवाने मोफत नसतात. लिपिकांसाठी हा मार्ग मला जादा वाटतो.

चौथा मार्ग क्लाउडचा. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं. मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र पुण्यात आहे. त्यामुळे लातूर किंवा रत्नागिरीहून जोडणाऱ्याचा संदेश समुद्र ओलांडून जात नाही. कॉलेजात वीज नसली तरी काम चालतं, एसी खोली लागत नाही. पण दर महिन्याचं बिल येतं, आणि अनुदानित कॉलेजात एकदाची खरेदी मंजूर करून घेणं सोपं, दरमहाचा खर्च मंजूर करून घेणं अवघड. ज्यांच्या गावात वीज रोज जाते त्यांनी तरीही याचा विचार करावा. बाकीच्यांनी दुसऱ्या मार्गानं सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

आता दाराबद्दल. या विषयात एकच गोष्ट मनापासून सांगायची असेल तर ती ही आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. यंत्र कुठलंही घेतलं तरी चालेल. दार चुकलं तर सगळं चुकलं.

आरडीपी संगणकाच्या ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत असतो. घरून जोडायचं म्हटल्यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे कॉलेजच्या राऊटरमध्ये हे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून देणं. दहा मिनिटांचं काम, लगेच चालतंही, आणि अनेक ठिकाणी हेच केलेलं असतं. पण इंटरनेटवर अखंड फिरणारे प्रोग्राम नेमकं हेच पोर्ट शोधत असतात. ते सापडलं की पासवर्डांच्या याद्या एकामागून एक लावून पाहतात. त्यांना झोप नाही आणि घाई नाही. कधी पासवर्डही लागत नाही. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली. तिच्यातून कुठलाही पासवर्ड न देता जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये शिरता येत होतं. धोका इतका मोठा होता की मायक्रोसॉफ्टनं पाच वर्षांपूर्वी आधार बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. पोर्टचा क्रमांक बदलून ३३९० केला की झालं, असं सांगणारे भेटतील. तो उपाय नाही.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठावर २३ डिसेंबर २०१९ ला काय झालं, ते प्रत्येक प्राचार्यांना माहीत असावं. ऑक्टोबरमध्ये कुणीतरी एका फसव्या ईमेलमधला दुवा उघडला. हल्लेखोर दोन महिने आत शांतपणे फिरले. काही सर्व्हरना सुरक्षेच्या जुन्या दुरुस्त्याच लावलेल्या नव्हत्या, त्यांच्यावरून ते पुढे सरकले आणि नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. त्यात काही बॅकअपही गेले, कारण ते त्याच नेटवर्कवर होते. विद्यापीठानं ३० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे दोन लाख युरो देऊन किल्ली विकत घेतली. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या लिंकन कॉलेजची गोष्ट याहून वाईट आहे. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या या कॉलेजवर डिसेंबर २०२१ मध्ये असाच हल्ला झाला. प्रवेशाच्या आणि देणग्यांच्या प्रणाली मार्चपर्यंत उघडल्याच नाहीत. कोविडनं आधीच कंबरडं मोडलेलं होतं. १३ मे २०२२ ला ते कॉलेज कायमचं बंद झालं.

दोन्ही ठिकाणी रिमोट डेस्कटॉपच कारण होता असं नाही. मुद्दा असा की कॉलेजच्या नेटवर्कमध्ये एक फट पडली की ती प्रवेशापासून पगारापर्यंत पोहोचते. म्हणून बाहेरून येणाऱ्यांसाठी दार एकच असावं, त्याच्यावर पहारा असावा, आणि आतल्या सर्व्हरचा पत्ता बाहेर कुणालाही दिसू नये.

असं दार म्हणजे गेटवे. अपाची ग्वाकामोली नावाची मोफत आणि खुली प्रणाली यासाठी उत्तम आहे. एका साध्या लिनक्स यंत्रावर ती बसते. कर्मचारी घरच्या ब्राउझरमध्ये कॉलेजचा पत्ता उघडतात, नाव-पासवर्ड देतात, आणि आपल्याला दिलेला डेस्कटॉप त्यांना ब्राउझरच्या खिडकीतच दिसतो. घरच्या लॅपटॉपवर काहीही बसवावं लागत नाही. बाहेरून फक्त सुरक्षित संकेतस्थळाचं नेहमीचं ४४३ हे पोर्ट दिसतं. आरडीपी आतल्या आत राहतो. फायली घरी उतरवून घेणं आणि कॉपी-पेस्ट बंद करण्याची सोय त्यात आहे. परीक्षा विभागासाठी ती पहिल्या दिवसापासून वापरावी.

पासवर्डनंतर दुसरी खूण मागा. मोबाइलवरच्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी क्रमांक येतो, तो टाकल्याशिवाय दार उघडू नये. या ॲपला नेटवर्क लागत नाही, एसएमएसची वाट पाहावी लागत नाही. गावाकडे रेंज नसली तरी क्रमांक येतो. सुरुवातीला ज्येष्ठ कर्मचारी कुरकुर करतील. त्यांच्याशेजारी बसून एकदा करून दाखवा. पंधरा मिनिटांत जमतं.

गेटवेऐवजी व्हीपीएन का नको, असं कुणी विचारील. व्हीपीएन घरच्या लॅपटॉपलाच कॉलेजच्या नेटवर्कमध्ये आणून बसवतो, त्याच्यातल्या व्हायरससकट. संस्थेनं दिलेला आणि सांभाळलेला लॅपटॉप असेल तर तो चांगला. घरच्या, सगळ्यांच्या वापरातल्या लॅपटॉपसाठी नाही. सिस्टीम सांभाळणाऱ्या एक-दोघांना व्हीपीएन द्या, बाकीच्यांना गेटवे.

इथे एक अडचण तालुक्याच्या ठिकाणी हमखास येते. गेटवे बसतो, आतून चालतो, बाहेरून पोहोचतच नाही. कारण बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. कंपनी एकाच पत्त्याआड अनेक ग्राहक ठेवते. कॉलेजकडे लीज्ड लाइन असेल तर तिच्यासोबत स्थिर पत्ता मिळतो. नसेल तर कंपनीकडे स्थिर पत्ता मागावा. तोही मिळत नसेल तर क्लाउडमध्ये एक छोटं यंत्र भाड्यानं घेऊन कॉलेजमधून त्याच्यापर्यंत बोगदा काढता येतो, म्हणजे बाहेरचे लोक त्या यंत्राच्या दारातून येतात. जोडणीचा वेग पाहताना अपलोडचा आकडा पाहा, कारण पडद्याचं चित्र कॉलेजातून बाहेर जातं. नोंदी टाकण्यासारख्या हलक्या कामाला माणशी दीड एमबीपीएस धरतात. वीस जण एकदम असतील तर अपलोड तीस एमबीपीएस हवा.

मराठीचा प्रश्न मी मुद्दाम सविस्तर घेतो, कारण बाहेरून आलेल्या सल्लागारांना तो माहीत नसतो. आपल्या कार्यालयांत वीस-पंचवीस वर्षांची कागदपत्रं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत: श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव. त्या फायली घरच्या लॅपटॉपवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसतो. रिमोट डेस्कटॉपमध्ये हा प्रश्न उरतच नाही, कारण घरी येतं ते अक्षरांचं चित्र. फॉन्ट फक्त सर्व्हरवर असला की पुरे. सभेचं २००३ चं इतिवृत्त घरच्या टॅबवरसुद्धा स्वच्छ वाचता येतं. टंकलेखनासाठी सर्व्हरवर मराठी कळफलक बसवावा लागतो, आणि कुणाला इन्स्क्रिप्ट लागतो, कुणाला टंकलेखन यंत्राची जुनी मांडणी, हे आधी विचारून घ्यावं. जुन्या काही सॉफ्टवेअरचा परवाना यूएसबीमध्ये खोचलेल्या डोंगलमध्ये असतो. ते आभासी संगणकात चालेलच असं नाही. तेवढ्या एका टेबलासाठी पहिला मार्ग ठेवा आणि त्याच संगणकाला गेटवेतून जोडा.

छपाईबद्दलही आधी ठरवा. घरच्या प्रिंटरवर कॉलेजची कागदपत्रं निघू देऊ नयेत. घरून दिलेला प्रिंट कॉलेजच्या प्रिंटरवर यावा. बोनाफाइड आणि दाखल्यांचे क्रमांक घातलेले कागद तसेही कार्यालयाच्या कपाटातच असतात. प्राचार्यांच्या डिजिटल सहीचा डोंगल मात्र सर्व्हरला खोचून ठेवू नये, कितीही सोयीचं वाटलं तरी. ती सही प्राचार्यांच्या हातातच राहिली पाहिजे.

आणि मग येतात माणसांच्या नावांच्या नोंदी, म्हणजे खाती. अनेक कार्यालयांत ‘ऑफिस’ नावाचं एकच खातं असतं, त्याचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. खोलीला कुलूप असेपर्यंत ते निभावतं. घरून प्रवेश सुरू झाल्यावर ते एक दिवसही चालू ठेवता येणार नाही. प्रत्येकाचं खातं स्वतःच्या नावाचं हवं. लेखापालांना परीक्षेच्या फायली दिसू नयेत, परीक्षा विभागाला टॅली दिसू नये, आणि कुणालाही ॲडमिनचे अधिकार असू नयेत. चार-पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं काही वेळ बंद व्हावं. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक वर्षासाठी नेमले जातात. त्यांच्या खात्याला नेमणूक संपण्याची तारीख घालूनच ते तयार करा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये ते आपोआप बंद होईल आणि कुणाला आठवण ठेवावी लागणार नाही. सेवानिवृत्तीच्या दिवशी ना-देय प्रमाणपत्रावर ग्रंथालयाची सही घेतली जाते. त्या कागदावर ‘संगणक खाते बंद केले’ अशी एक ओळ वाढवा. खर्च शून्य.

कोण कधी आत आलं, याची नोंद गेटवे ठेवतो. ती जपा. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत नोंदी १८० दिवस ठेवण्याची आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याची अट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बॅकअप रोज घ्यावा आणि त्याची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर ठेवावी. मास्ट्रिख्टला नेमकी तिची उणीव भासली. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल परत मिळवून पाहावी.

संस्थाचालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरून काम करता येतं याचा अर्थ रात्री अकराला काम सांगता येतं, असा होत नाही. ही सोय आजारी आईजवळ थांबावं लागलेल्या लिपिकासाठी आहे, पुरात रस्ता बंद झालेल्या दिवसासाठी आहे, मार्चअखेरीच्या त्या दहा दिवसांसाठी आहे. वापराच्या वेळा लेखी ठरवा आणि रात्रीचं काम मागायचं असेल तर त्याची भरपाईची रजा द्या. नाहीतर कर्मचारी या व्यवस्थेपासून दूर राहतील आणि त्यांचं दूर राहणं बरोबरच असेल.

सुरुवात तिघांपासून करा: लेखापाल, ग्रंथपाल आणि परीक्षा विभागातले एक. महिनाभर त्यांच्या तक्रारी वहीत लिहून घ्या. टॅलीचा रकाना अडकतो का, मराठीची मात्रा नीट उमटते का, सकाळी साडेदहाला सगळे एकदम जोडल्यावर वेग पडतो का, हे तिघंच सांगतील. विक्रेता सांगणार नाही. मगच पुढची खाती उघडा.

आणि यातलं काहीही सुरू करण्याआधी, कॉलेजचं राऊटर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारा: ३३८९ क्रमांकाचं पोर्ट बाहेरून उघडं आहे का? असेल तर ते आजच बंद करून घ्या. त्याला ना कोटेशन लागतं, ना खरेदी समिती.